ब्लॅकबर्न खाली गेलं ती रात्र

गेल्या वर्षी कंपनीनं मला नवीन प्रोजेक्टवर टाकलं. क्लायंट इंग्लंडचा, मँचेस्टरकडचा. पुण्यात दुपारचे दोन वाजले की तिकडे सकाळ होते आणि आमचा रोजचा कॉल सुरू होतो. त्यांच्या टीममध्ये एक टेस्टर आहे. पन्नाशीचा, कमी बोलणारा, बग मात्र बरोबर शोधणारा. पहिल्याच आठवड्यात त्यानं चहाचा मग उचलला आणि मला त्यावरचा बिल्ला दिसला. गोल, निळा, मधोमध लाल गुलाब.

मी मीटिंगचं भान विसरून म्हणालो, "ब्लॅकबर्न रोव्हर्स?"

तो चमकला. भारतातल्या पोरांकडून त्यानं मँचेस्टर युनायटेड, चेल्सी, आर्सेनल ऐकलेलं असणार. ब्लॅकबर्न कोण म्हणतं? मी म्हटलं, मी २०१० पासून त्यांचा सपोर्टर आहे. त्यानं विचारलं, तू बसतोस कुठे? मी म्हटलं, पुण्यात.

तीन-चार सेकंद तो काहीच बोलला नाही. मला वाटलं नेट गेलं.

मग तो म्हणाला, "पुणे. अर्थात." आणि पुढच्या बगवर गेला.

ज्यांना फुटबॉलशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी हे 'अर्थात' जरा उलगडून सांगतो. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीज ग्रुपनं ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २३ मिलियन पौंडांना विकत घेतला. व्यंकीज म्हणजे तेच, चिकनवाले. प्रीमियर लीगमधल्या क्लबची मालकी मिळवणारी ही पहिली भारतीय कंपनी. आणि क्लबही ऐरागैरा नव्हता. १८७५ ला सुरू झालेला, १८८८ मध्ये इंग्लंडची पहिली फुटबॉल लीग ज्या १२ क्लबांनी सुरू केली त्यातला एक. १९९५ चा प्रीमियर लीग चॅम्पियन. ब्लॅकबर्न गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आतबाहेर, म्हणजे आमच्या अकोल्याच्या एक-तृतीयांशही नाही. तिथल्याच जॅक वॉकर नावाच्या स्टीलच्या धंद्यातल्या माणसानं पैसा लावला, अ‍ॅलन शिअररनं त्या सीझनला ३४ गोल केले, आणि एवढ्याशा गावानं मँचेस्टरला मागे टाकलं.

हे मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मी आठवीत होतो. आमचं घर बोरगाव मंजूला, अकोल्याहून मूर्तिजापूरकडे जाताना लागतं ते. गावाच्या मागे दीड किलोमीटरवर आमचं शेत आणि शेतात बाबांची शेड. दोन हजार ब्रॉयलरची. पिल्लं अमरावतीच्या हॅचरीतून यायची, चाळीस-बेचाळीस दिवसांत दोन किलोची व्हायची, मग व्यापाऱ्याचं टेम्पो यायचं. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा अकोल्यात कोंबडी फुकट द्या म्हटलं तरी कोणी घेईना. तो लॉट बाबांना बुडवून गेला. त्यानंतर चार वर्षं ते उधारीवर उभे होते. सकाळी पेपरात पहिल्यांदा चिकनचा भाव बघायचे, मग बाकीचं जग.

त्या पेपरात ही बातमी आली. बाबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "पाय बे, आपल्या लायनीतल्या मानसानं इंग्लंडची टीम घेतली."

लायनीतला माणूस. म्हणजे पोल्ट्रीच्या धंद्यातला. बाबांच्या डोक्यात त्यांच्यात आणि त्या कंपनीत फक्त शेडच्या आकाराचा फरक होता. गल्लीतले काका म्हणाले की मराठी माणसानं घेतली. खरं तर ते कुटुंब मूळचं तेलुगू, पुण्यात स्थिरावलेलं. पण काकांना कोण सांगणार? आम्ही सगळेच त्या दिवशी थोडे थोडे मालक झालो होतो. ज्यांनी दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलं त्यांची टीम आता आपल्या चिकनवाल्याची, असं काहीतरी ते होतं. कोणी बोलून दाखवलं नाही, पण होतं.

मी त्या दिवसापासून ब्लॅकबर्नचा. शाळेत पोट्टे 'कोंबडी टीम' म्हणून चिडवायचे. २०११ ला तर ती जाहिरात आली, ड्रेसिंग रूममध्ये बसून खेळाडू चिकनच्या तंगड्या खातायत. इंग्लंडमध्ये तिच्यावर लोक किती हसले ते मला फार नंतर कळलं. आमच्या घरी ती लागली की बाबा आवाज वाढवायचे.

टीमची गत मात्र बरी नव्हती. नव्या मालकांनी महिनाभरात सॅम अ‍ॅलरडाइस या जुन्या, मुरलेल्या मॅनेजरला काढलं आणि स्टीव्ह कीनला बसवलं, ज्यानं त्याआधी कुठली टीम मॅनेजर म्हणून चालवली नव्हती. रोनाल्डिन्योला आणायच्या बातम्या आल्या. तो काही आला नाही. तो सीझन शेवटच्या दिवशी कसाबसा वाचला.

मग २०११-१२. प्रीमियर लीगमध्ये २० टीम असतात, शेवटच्या तीन खालच्या लीगमध्ये ढकलल्या जातात. त्या तिनात कोण जाणार यावर ऑगस्टपासून मे पर्यंत माणसं झोप घालवतात. मीही घालवली. सप्टेंबरमध्ये आम्ही आर्सेनलला ४-३ हरवलं, त्यातले दोन गोल त्यांनी आपल्याच जाळ्यात मारले होते. ऑक्टोबरमध्ये टीम चक्क पुण्याला आली, बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळली, ३-० जिंकली. मी बाबांच्या मागे लागलो होतो. लॉट निघायला आठ दिवस होते, ते म्हणाले पुढच्या वेळी. आता मी रोज बाणेरहून ऑफिसला जाताना ते स्टेडियम बघतो. पुढची वेळ काही आली नाही.

त्या सीझनमधला एकच दिवस मी आजही मिनिटागणिक सांगू शकतो. ३१ डिसेंबर २०११. आम्ही अमरावतीला मामाकडे होतो, राजापेठला. ब्लॅकबर्न टेबलात सगळ्यात खाली आणि सामना मँचेस्टर युनायटेडशी, त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर. वर त्यांच्या मॅनेजरचा, सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचा, सत्तरावा वाढदिवस. संध्याकाळी सव्वासहाला सुरू झाला. याकुबूनं पेनल्टीवर पहिला मारला, मध्यंतरानंतर दुसरा. २-०! मग बर्बाटोव्हनं दोन्ही फेडले. मामा म्हणाला, "झालं बे, आता सहा खाता तुमी." ऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर आला, त्यांच्या गोलकीपरच्या हातून बॉल निसटला आणि ग्रँट हॅनली नावाच्या विशीतल्या डिफेंडरनं डोकं घातलं. ३-२. मी इतका ओरडलो की मामी स्वयंपाकघरातून झारा घेऊनच आली.

बाबा कोपऱ्यात बसून बघत होते. त्यांना ऑफसाइड कळत नव्हता, कॉर्नर कळत नव्हता. त्यांनी विचारलं, "आता वाचते का?" मी म्हटलं, वाचते.

नाही वाचलं. फेब्रुवारीत आर्सेनलनं ७-१ मारले. एप्रिल सगळा हरण्यात गेला, मधे नॉर्विचला तेवढं हरवलं. याकुबूनं एकट्यानं लीगमध्ये १७ गोल केले. तो एकटा ओढत होता आणि मागचं गाडं रुतलेलं होतं. दोन सामने उरले, त्यातला विगनविरुद्धचा घरच्या मैदानावर, ईवूड पार्कला. हरलं की संपलं. ७ मे, सोमवार. आपल्याकडे रात्री साडेबारा.

आता शेडचं सांगायला पाहिजे.

मे महिन्यात अकोल्यात ब्रॉयलर पाळणं म्हणजे काय ते ज्यानं पाळले त्यालाच माहीत. पारा पंचेचाळीसकडे जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते. जितकी वजनदार, तितकी लवकर मरते. म्हणजे पस्तीस दिवस खाऊ घालून, विकायला आली की मरते. त्यावर उपाय एकच, पाणी. जाळीला ओली बारदानं बांधायची, पत्र्यावर स्प्रिंकलर, आत फॉगर, प्यायला गार पाणी. त्यासाठी शेडवरची टाकी रोज सकाळी भरलेली पाहिजे. आणि शेतातली लाइन त्या आठवड्यात रात्री बाराला यायची, सकाळी आठला जायची. गावातली वेगळी, शेतातली वेगळी. गावात टीव्ही चालू असतो आणि दीड किलोमीटरवर मोटर बंद असते, हे आमच्याकडे नवीन नाही. एरवी मोटरला ऑटो होता, लाइन आली की आपोआप चालू. तो ऑटो चार दिवसांपूर्वी जळला होता.

बाबा-आई मामेबहिणीच्या लग्नाच्या बोलणीसाठी अमरावतीला गेले होते. गडी लग्नसराईत गावाला. घरी मी आणि आजी. माझी नववी झाली होती. जाताना बाबा म्हणाले, "बारा वाजता जाय, स्टार्टर दाब, टाकी भरेपर्यंत थांब. चालू केल्याबिगर घरी येऊ नको."

मी बाराला गेलो. लाइन आली नव्हती. विहिरीजवळ बसून राहिलो. शेडमधून त्या दोन हजार कोंबड्यांचा एकसारखा आवाज येत होता. सवा बारा. बारा वीस. मी हिशोब केला. आत्ता घरी जातो, पहिला हाफ बघतो, सव्वा वाजता मध्यंतराला परत येतो. लाइन तोवर आलेली असेल. सकाळी आठपर्यंत वेळच वेळ.

सामना सुरू झाला आणि थोड्या वेळात मैदानावर एक कोंबडी आली. जिवंत कोंबडी, अंगावर ब्लॅकबर्नचा झेंडा गुंडाळलेली. प्रेक्षकांतून कोणीतरी सोडली होती, मालकांच्या निषेधात. मला आधी हसू आलं. मग कळेना हसायचं की काय. लोक ओरडत होते, आणि ते कोणावर ओरडतायत हे मला दीड वर्षात पहिल्यांदा नीट दिसलं. ते आमच्यावर ओरडत होते. आमच्या लायनीतल्या माणसावर.

मध्यंतराला ०-०. मी उठलो नाही. एक गोल झाला की जातो, असं म्हणालो. गोल ८७ व्या मिनिटाला झाला. विगनच्या अल्काराझनं कॉर्नरवरून हेड मारला. ०-१. विगन वाचलं, ब्लॅकबर्न गेलं. ११ वर्षांनी खाली.

मी शेडवर पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. लाइन नव्हती. शेजारच्या शेतातले आजोबा बाजेवर जागे होते. म्हणाले, "पाऊण वाजता आल्ती ना बावा. आता घंटाभर झाला, तिकडं पारसकडं कायतरी तुटलं म्हनतेत."

टाकी पावही भरलेली नव्हती. लाइन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली.

सकाळपासून मी आणि दोन मित्र सायकलवर कॅन बांधून गावातून पाणी आणत होतो. दुपारी दोननंतर त्या मरायला लागल्या. आधी कोपऱ्यातल्या. मग एकदम. कोंबडी मरताना आवाज करत नाही, मान टाकते फक्त. एकीकडे पाणी मारायचं, दुसरीकडे मेलेल्या उचलायच्या. सहाशे चाळीस. आकडा मला पाठ आहे कारण मी त्या मोजल्या. बाबा पाच वाजता आले, एसटी फाट्यावरून चालत. काही बोलले नाहीत. शर्ट काढून खुंटीला लावला आणि खड्डा खणायला लागले. मी चुन्याचं पोतं आणलं. रात्री नऊपर्यंत आम्ही पुरत होतो.

शेवटी हात धुताना त्यांनी विचारलं, "कोन जिकलं?"

मी आजीला सांगितलं होतं की लाइनच आली नाही. बाबांनाही तेच सांगणार होतो. त्यांनी सामन्याचं विचारलं.

म्हटलं, "हरलो."

"म्हनजे गेली खाली?"

"गेली."

त्यांनी मान हलवली. पुढे कधीही, आजपर्यंत, त्या रात्रीबद्दल एक शब्द नाही. उरलेल्या कोंबड्या गेल्या, बाबांनी नवीन लॉट टाकला नाही. उधारीच तेवढी होती, तो लॉट वाचला असता तरी कदाचित त्यांनी बंदच केलं असतं. हे 'कदाचित' मी तेरा वर्षं चघळतोय. बडनेऱ्याला इंजिनीअरिंग केलं, तिथून पुण्याला आलो. दर वर्षी मे महिन्यात चोच उघडी टाकलेल्या कोंबड्या मला दिसतात.

त्या टेस्टरशी माझं पुढे बोलणं वाढलं. एका शुक्रवारी रिलीज अडकलं, दोघंच कॉलवर होतो. त्यानं सांगितलं की तो सात वर्षांचा असल्यापासून वडिलांबरोबर ईवूडला जायचा. विगनच्या सामन्यालाही ते दोघं होते. वडिलांनी त्यानंतर सीझन तिकीट घेतलं नाही. क्लब २०१७ ला तिसऱ्या स्तरावर घसरला, २०१८ ला परत दुसऱ्यावर आला. प्रीमियर लीगमध्ये अजून नाही. वडील त्याआधीच गेले. तो म्हणाला, "मालक दर वर्षी तोटा भरतात, नाहीतर आम्ही बुडालो असतो, तेही मला माहीत आहे. पण त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही. आणि नंतर ते दिसेनासे झाले."

मी विचारलं, तुझे वडील काय करायचे? कारखान्यात. आणि त्यांची आजी? विणकर. सूतगिरणीत माग चालवायची.

मग मी त्याला उमरावतीचं सांगितलं. हे मी कॉलेजच्या लायब्ररीत वाचलेलं. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. त्यांना इथला कापूस हवा होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या, लोक उपाशी. नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. इथे भाव आभाळाला भिडले, युद्ध संपल्यावर धाडकन पडले. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. आमच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' म्हणायचे, उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून. आणि ब्लॅकबर्न? ते जगातलं मोठं विणकामाचं गाव. तिथले माग हिंदुस्थानासाठी धोतरं विणायचे. कापूस इथून जायचा, कापड इथे यायचं, आणि इथला विणकर घरी बसायचा. गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेले तेव्हा ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेनला जाऊन आले. स्वदेशीमुळे ज्यांचं काम गेलं त्याच गिरणीच्या बाया त्यांच्याभोवती हसत उभ्या आहेत, तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

त्यानं तो फोटो पाहिला होता. थोड्या वेळानं म्हणाला, "म्हणजे आधी आमचे मालक तुम्हाला न विचारता आले."

मी 'हो' म्हणालो. दोघंही हसलो, पण फार नाही. हिशोब बरोबर झाला असं काही मला वाटलं नाही. त्याच्या वडिलांनी माझं धोतर विणलं नव्हतं आणि माझ्या बाबांनी त्याचा क्लब घेतला नव्हता.

आणि मग मी त्याला सहाशे चाळीस सांगितल्या. का ते माहीत नाही. इतक्या वर्षांत मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. अर्धा निळा अर्धा पांढरा शर्ट घातलेल्या एका परक्या माणसाला इंग्रजीत सांगितलं, स्टार्टर, ऑटो, टाकी सगळं समजावून. इंग्रजीत सांगताना ते सोपं गेलं हेही खरं. तो ऐकून घेत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "तुझ्या वडिलांना माहीत आहे?"

मी म्हटलं, त्यांनी कोण जिंकलं असं विचारलं होतं.

"मग माहीत आहे," तो म्हणाला.

नोव्हेंबरमध्ये त्याचं पार्सल आलं. निळा-पांढरा लोकरी मफलर, जुना, एका कडेला उसवलेला. चिठ्ठी नव्हती. कोणाचा असेल ते मी विचारलं नाही.

डिसेंबरात घरी गेलो तेव्हा तो बाबांना दिला. शेडमध्ये आता तुरीची पोती आणि फवारणीचे पंप असतात. बाजूच्या तीन एकरांत हरभरा, त्याला पाणी रात्रीच द्यावं लागतं, कारण त्या आठवड्याला लाइन रात्रीची. बाबांनी मफलर उलटसुलट करून पाहिला, गुलाबावर बोट ठेवलं.

"तेच का हे? कोंबडीवाल्यायचं?"

"तेच."

"वर आली का नाई मंग?"

"अजून नाही."

त्यांनी तो कानावरून घेऊन गळ्याशी गाठ मारली, बॅटरी उचलली. मी म्हटलं, बाबा, त्या वेळेस लाइन आली होती. मी घरी होतो.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "मोटर गरमच नोती." आणि दार उघडून उभे राहिले. "चाल, येतं का? थंडी लय हाय, स्वेटर घाल."

आम्ही दोघं विहिरीजवळ बसलो. लाइन सव्वा वाजता आली.